भंडारा लागलेले रुपये

नाण्यांच्या धंद्यात मी साठी उलटल्यावर आले. लोकांना वाटतं आवड असेल. आवड नंतर लागली. आधी घरात बसून बसून कंबर धरली होती, हे खरं कारण.

आमचा धंदा मेंढरांचा. नवरा गेला. पुढं गंगापूरकडचं रान ऊसवाल्यांनी बांधाला बांध लावून नांगरलं, चारायला जागा राहिली नाही, म्हणून मेंढरं विकली. मुलगा चितेगावच्या एका कंपनीत लागला होता. त्यानं पैठण रोडला दोन खोल्या घेतल्या आणि मला शहरात आणून ठेवलं. ठेवलं हाच शब्द बरोबर आहे. सून वाईट नाही, पण मला कशाला हात लावू देत नव्हती. भाजी निवडायला घेतली की म्हणायची, "आत्या, तुम्ही बसा ना." मी बसायची. समोर टीव्ही. त्यातल्या बायकाही दिवसभर बसलेल्याच असायच्या, फक्त दागिने घालून.

गावाहून येताना मी एक चंची आणली होती. मेंढरांमागं चालणाऱ्याची नजर खाली असते. कुठं कुठं जुन्या, उठून गेलेल्या गावाची पांढरी माती असते, आम्ही तिला पांढर म्हणतो. ती धुपली की खापरं, मणी, तांब्याचे पैसे वर येतात. दिसला पैसा की उचलायचा आणि चंचीत टाकायचा, असं मी लहानपणापासून करत आले. त्यांचं काय करायचं असा विचार कधी केला नाही.

एक दिवस मुलानं ती चंची उघडून बघितली. म्हणाला, "माय, मोबाईलवर जुन्या पैशाला लाखो रुपये देतेत."

"देणारा राहतो कुठं? पत्ता दे, मी चालत जाते."

पत्ता त्याला माहीत नव्हता. पण रविवारच्या बाजारात एक म्हातारा जुनी नाणी घेऊन बसतो, एवढं त्यानं कंपनीत ऐकलं होतं.

विकायची वस्तू स्वच्छ करून न्यावी, असं आम्हाला शिकवलेलं. बाजाराला न्यायचं मेंढरूसुद्धा आम्ही धुऊन नेतो. मी न्हाणीत बसले आणि चिंच आणि राख लावून सगळे पैसे घासले. सकाळभर घासले. घागरीसारखे लखलखीत झाले. रविवारी पदराला बांधले आणि बस धरली.

जुन्या कपड्यांच्या ढिगांपलीकडं, कुलपं-किल्ल्या विकणाऱ्याच्या शेजारी, कोपऱ्यावर लिंबाखाली तो म्हातारा बसला होता. पांढरी टोपी, जाड चष्मा, समोर चादर, चादरीवर नाणी. माझ्यापेक्षा थोडासाच मोठा असेल, पण सगळा बाजार त्याला चाचा म्हणायचा, म्हणून मीही चाचाच म्हटलं. मी पदराची गाठ सोडली. त्यानं एक पैसा उचलला, चष्मा वर केला, खाली केला.

"आपा, ये किसने करे?"

"मीच. चिंच लावून. चांगले निघाले ना?"

"आपा, मुर्दे कू नहलाते ना, तो भी थोड़ा आहिस्ते नहलाते."

मग त्यानं समजावलं. जुन्या तांब्यावर काळी-हिरवी कातडी चढते. जाणकार माणूस त्या कातडीचे पैसे देतो. मी ती खरवडून काढली होती, अक्षरांसकट. तो मोडीपेक्षा थोडा जास्त भाव द्यायला तयार झाला. मी म्हटलं, तू लुटतोस. तो म्हणाला, दुसरीकडं जा. मी म्हटलं, जाणार नाही, बस परत जायला वेळ आहे. आणि तिथंच त्याच्या गोणपाटाच्या टोकावर बसले.

आमचं असं चाललेलं असताना एक बाई आली. हातात रुमालाची गाठ घट्ट धरलेली. चाचापुढं उभी राहिली, मागं सरकली, पुन्हा आली.

"दिखाव अम्मा," चाचा म्हणाला.

तिनं गाठ आणखी आवळली. मी तिला म्हटलं, "बाई, आधी खाली टेक. काय आणलंस? माळेतलं हाय का?"

ती टेकली. माळेतलंच होतं. सासूच्या माळेतला चांदीचा रुपया, वर कडी डाकलेली. जावेला कळू द्यायचं नव्हतं आणि परक्या पुरुषापुढं हे सगळं बोलायचं कसं, म्हणून अडली होती. माझ्यापाशी बोलली. मी चाचाला सांगितलं, चाचानं मला भाव सांगितला, मी तिला सांगितला. व्यवहार झाला.

ती गेल्यावर चाचानं माझ्यासाठी चहा मागवला.

"आपा, घर में क्या काम करते तुम?"

"काही नाही. बसते."

"तो यहाँ बैठो."

अशी माझी नोकरी लागली. पगार नव्हता. मी बोलून जमवलेल्या व्यवहारात माझा वाटा, आणि छोटा-मोठा माल स्वतःच्या पैशानं घेतला तर नफा माझा. चाचाचे गुडघे गेले होते, मुलगे दुसऱ्या धंद्यात होते. तो म्हणाला, दिवाळीपर्यंत बसा, जमलं तर अर्धी चादर तुमची. पण त्याचा एक कायदा होता. खोटं नाणं खरं म्हणून विकलं की उठायचं. त्यानं सख्ख्या भाच्याला या कायद्यानं उठवलं होतं. तो भाचा आता समोरच्या बाजूला मोबाईलची कव्हरं विकायचा, उन्हात. लिंबाच्या सावलीतल्या त्या अर्ध्या चादरीवर त्याचा डोळा होता, आणि मी आल्यापासून दुसरा डोळा माझ्यावर.

"क्या आजी, आज भी आए? घर में बहू खाना नै देती क्या?"

"देती. तुला पाठवू का डबा?"

मला ती अर्धी चादर हवी होती. रान गेलेलं, घरातली चूल सुनेची. रविवारी सकाळी पदर खोचून कुठंतरी जायचं आहे, ही गोष्ट मला पुन्हा हवी होती. कुणाला हे बोलून दाखवलं नाही, पण हवी होती.

शिकायला वेळ लागला. माझी शाळा चौथीपर्यंत, आणि नाण्यांवर फारसी. चाचा म्हणाला, पढ़ो नक्को, पहचानो. ते मला जमलं. मेंढरं ओळखायला कुणी त्यांची नावं वाचत नाही, कानाचा काप बघतो, तोंड बघतो. या शहरात पूर्वी टाकसाळ होती. तिथल्या रुपयावर शहराचं त्या काळचं नाव असतं. मला ते वाचता येत नाही, पण गर्दीत दिसलं तर ओळखते. आता शहराचं नाव पुन्हा बदललं, बसच्या पाट्या बदलल्या. नाण्यांवर बघितलं तर हे आधीही झालेलं आहे.

निजामाच्या वेळचे चारमिनारचे रुपये ओळखायला सोपे, त्यावर इमारतच असते. पण त्यांचीच नक्कल जास्त. वेरूळला लेणी बघायला आलेले लोक आठवण म्हणून ओतीव नाणी घेतात, त्यात काही वाईट नाही. वाईट होतं ते पुढं, कुणीतरी तीच घासूनपुसून खरी म्हणून आणतो तेव्हा. त्यासाठी चाचाजवळ शहाबादी फरशीचा तुकडा होता. त्यावर नाणं सोडायचं. चांदी असेल तर लांब वाजते. ओतीव असेल तर बद्द आवाज येतो. "आँख कू धोका देते," चाचा म्हणायचा, "कान कू नै दे सकते." आणखी एक शिकले. कुणी मातीनं भरलेलं मडकंच घेऊन आला, तर चाचा लांबूनच हात जोडायचा. "ये सरकार का माल है बाबा. कलेक्टर के पास लेके जाव, मेरेकू मत दिखाव."

दसरा झाला. माझं बरं चाललं होतं. गावाकडच्या बायका आता चाचाकडं न बघता सरळ माझ्यापुढं येऊन बसायच्या.

एका रविवारी चाचा दुपारच्या नमाजाला गेला होता. एक बाई आली, माझ्याच वयाची. कपाळाला भंडारा. भंडारा म्हणजे आमच्या देवाची हळद. आमच्या लोकांत देवापुढचं सगळं त्यानं पिवळं असतं, आणि तो पायाखाली येऊ देत नाहीत.

"बाई, तुम्ही आमच्यातल्याच दिसता," ती म्हणाली.

"व्हय. गाव कंचं?"

"वेरूळच्या पल्याड. मेंढरं हायेत का अजून?"

"नाय. इकली."

"आमचीबी इकली."

बसली. चांगल्या गप्पा झाल्या. मग तिनं कमरेची पिशवी काढली. म्हणाली, पोरांच्या वाटण्या झाल्या, देव थोरल्याकडं गेले आणि देवघरातले रुपये धाकट्याच्या वाट्याला आले. धाकटी सून म्हणते, आपल्याला काय करायचेत, मोडून टाका. तिनं पिवळं फडकं सोडलं. आत चारमिनारचे रुपये होते. प्रत्येकावर भंडारा, मिनारांच्या खाचांतसुद्धा बसलेला.

मी काय केलं, तर आधी नमस्कार केला. एक रुपया कपाळाला लावला. बोटाला आलेला भंडारा भाळी लावला. तिनंही लावला. आता नमस्कार केलेला रुपया फरशीवर कोण आपटणार? आमच्यात देवघरातली वस्तू भुईवरसुद्धा ठेवत नाहीत, खाली कापड घालतात. फरशी माझ्या गुडघ्याला लागून होती. मी ती उचलली नाही. खाचांतला भंडारा पुसूनही बघितला नाही.

भाव तिनं कमीच सांगितला. तेव्हा कळायला हवं होतं. मला वाटलं, आपल्यातली आहे म्हणून सोडून देते. दसऱ्याच्या आधीपासून मी साठवलेली सगळी कमाई तिला दिली आणि वर चहा पाजला.

चाचा आला. माझं कपाळ बघून हसला. "क्या है आपा, आज हल्दी लगाके बैठे?"

मी फडकं पुढं केलं. ताठ बसले होते मी. त्यानं एक रुपया उचलला, अंगठ्यानं थोडं पुसलं, आणि हसायचा थांबला.

"बजाए?"

"देवाचे रुपये हायेत चाचा. वाजवायचे कसे?"

त्यानं तो रुपया परत माझ्या हातावर ठेवला. "तुमीच बजाव. मैं बजाया तो तुमकू बुरा लगेगा."

मी पुन्हा एकदा नमस्कार केला आणि सोडला. बद्द. दुसरा सोडला. बद्द. मग दोन्ही पुसून शेजारी ठेवले. उजव्या मिनाराला एक टवका उडालेला होता. दुसऱ्याच्याही उजव्या मिनाराला, तिथंच, तेवढाच. तिसऱ्यालाही. एका साच्यातले होते. एका मेंढीची जुळी पिल्लंसुद्धा इतकी सारखी नसतात.

समोरून भाच्यानं सगळं बघितलं होतं. "आजी, भगवान ने टोपी पहना दी क्या?"

"तू कव्हर बेच," चाचा त्याला म्हणाला. मला म्हणाला, "माल तुम्हारा, पैसा तुम्हारा था. मैं कुछ नै बोलता. चादर का कायदा तुमकू मालूम है."

घरी मी बोलले नाही. मुलाला मला घरी बसवायला एवढं कारण पुरलं असतं. सूनबाईनं विचारलं, "आत्या, आज जेवण गेलं नाही?" म्हटलं, चहा जास्त झाला. त्या बाईला शोधून काढावं असंही मनात आलं, पण वेरूळच्या पल्याड म्हणजे कुठं? गप्पांत तिनं गावाचं नावच घेतलं नव्हतं. मीही विचारलं एकदा आणि विसरले.

पुढच्या रविवारी मी चादर घातली तेव्हा चाचा आला नव्हता. सकाळच्या गारव्यानं त्याचे गुडघे धरायचे, तो उशिरा रिक्षानं यायचा. ते पिवळं फडकं मी बरोबर आणलं होतं. का आणलं ते मलाच नीट माहीत नव्हतं. कमाई गेली होती आणि ती परत हवी होती, एवढं माहीत होतं.

आणि मास्तर आले. रिटायर झालेले शाळेचे मास्तर, दर महिन्याला यायचे, चारमिनारचे रुपये जमवायचे. त्यांना लांबून येताना बघून भाचा रस्ता ओलांडून माझ्यापाशी वाकला.

"आजी, मास्तर कू दे डालो. भंडारा देखके और भरोसा करता वो. मामू कू कौन बोलने जाता?"

"तू सांगशील की."

"मैं? मैं कैकू बोलूँगा?" आणि हसला. म्हणजे नक्की सांगणार होता.

मास्तर बसले. त्यांची नजर फडक्यावर गेली. "आजी, हे देवघरातले वाटतं?" त्यांनी एक उचलला, आणि उचलल्याबरोबर कपाळाला लावला. मी केलं तसंच.

माझ्या तोंडात 'व्हय' आलं होतं. ते मी गिळलं. मोठेपणा म्हणून नाही. भाच्याची भीती होतीच, पण त्याच्याआधी मेंढरांचा बाजार आठवला. आजारी मेंढी एकदा खपते. घेणारा घरी गेल्यावर ती मरते, आणि पुढच्या आठवड्यात तो तुमच्या दावणीपुढून न थांबता जातो. मास्तर दर महिन्याला येणारा माणूस. आणि दिवाळी तोंडावर आलेली.

"भंडारा खरा हाय, मास्तर," मी म्हटलं. "रुपये खोटे हायेत."

मास्तरांनी तो रुपया कपाळापासून खाली घेतला. "मग ठेवलेत कशाला?"

"इकायला."

"खोटे?"

"खोटे म्हणून."

हे मी बोलले तेव्हा मला सुचलं. मास्तर हसत सुटले. मी त्यांना फरशीवर वाजवून दाखवला, उजव्या मिनाराचा टवका दाखवला. ते म्हणाले, "एक द्या. खऱ्याच्या शेजारी ठेवतो. नातवाला फरक दाखवायला बरा." आणि चादरीवरचा एक खराही घेतला, पूर्ण भावानं, घासाघीस न करता.

मास्तर उठल्यावर मी कामाला लागले. एकेक रुपया पुसला, भंडारा कागदावर झाडून पुडी बांधली आणि कनवटीला खोचली, तो टाकायचा नसतो. मग चादरीपासून हातभर लांब वेगळं गोणपाट घातलं, त्यावर ते रुपये मांडले, आणि ओरडले. रानात पार टेकडीपलीकडच्या मेंढराला हाक मारायची सवय आहे माझी.

"खोटे रुपये! चारमिनारचे खोटे रुपये घ्या!"

कुलूपवाला दचकला. चालती माणसं थांबली. एक जण म्हणाला, "आजी, बाजारात खोटं सगळेच विकतात, ओरडणारी तू पहिलीच."

"मग तू पहिला घेणारा हो."

त्यानं घेतला. दोन पोरी आल्या, कॉलेजातल्या, त्यांना कानातलं करायचं होतं. लग्नाला आणि गॅदरिंगला कपडे भाड्यानं देणारा एक दुकानदार आला, त्याला नाचणाऱ्या मुलींच्या माळांसाठी हवेच होते. त्यानं बरेचसे एकदम उचलले. गेलेले पैसे सगळे परत आले का? नाही. ओतीव मालाच्या भावानं चांदीचे पैसे परत येत नाहीत.

चाचाची रिक्षा आली तेव्हा मी ओरडतच होते. तो उतरला, काठी टेकत आला, आणि गोणपाटापुढं उभा राहिला. भाचाही आला मागोमाग.

"मस्जिद के नुक्कड़ तक आवाज आरी आपा," चाचा म्हणाला. "खोटे रुपये, खोटे रुपये. लोगाँ क्या समझेंगे? मेरी चादर पे खोटा माल है बोलके?"

"म्हणून चादरीवर ठेवले नाहीत. खाली गोणपाट वेगळं हाय, बघा."

"मामू, उठाव इनकू," भाचा म्हणाला. "मेरेकू एक पे उठाए थे. इनो तो ढेर बेचे."

चाचानं गोणपाट बघितलं, मग चादर बघितली. दोन्हींच्या मधली हातभर जागा काठीनं मोजल्यासारखी केली.

"तू बोलके बेचा था?" त्यानं भाच्याला विचारलं.

भाचा आपल्या कव्हरांकडं बघायला लागला.

"ये बोलके बेच रही. चिल्लाके बेच रही." मग मला म्हणाला, "पर आपा, जरा आहिस्ता. मेरा भी बीपी है."

तो खाली बसला. बसताना गुडघ्यांनी आवाज केला. मग त्यानं स्वतःची लोखंडी पेटी चादरीच्या मधून ओढली आणि डाव्या कडेला घेतली. उजवी अर्धी चादर माझ्यापुढं मोकळी झाली. फरशी मध्ये ठेवली, दोघांच्या हाताला येईल अशी. दिवाळी अजून आली नव्हती.

त्याला आता बरीच वर्षं झाली. चाचा अधूनमधून येतो, चादरीवर बसता येत नाही म्हणून स्टुलावर बसतो. भाचा मोबाईलच्या काचा बसवतो आणि माझा फोन फुकट दुरुस्त करतो, पण टोमणे सोडत नाही. एक खोटा चारमिनार मी विकला नाही. तो फरशीपाशी असतो. नवीन कुणी विचारलं, कसं ओळखायचं, की आधी तो वाजवून दाखवते.

परवा एक बाई आली. हातात फडकं, फडक्यात भंडारा लागलेला रुपया. मी नमस्कार केला, भाळी बोट लावलं, आणि रुपया फरशीवर धरला.

तिनं माझा हात धरला. "अगं बया, देवाचा रुपया आपटता व्हय?"

"आपटत नाय, वाजवते. नमस्कार आधी केलाय की."

"कुणी वाजवत नाय आमच्यात."

"माहीत हाय," मी म्हटलं, आणि तिचा हात बाजूला केला.

रुपया वाजला. लांब वाजला. चाचानं स्टुलावरून मान हलवली. मी तिला भाव सांगितला, तिला पटला, आणि रुपया माझ्या बाजूला ठेवला.